नव्या रस्त्याला नाव देताना



सुगी आटोपली की गावोगाव रस्त्यांची कामे निघतात. कुठे मुरूम पडतो, कुठे खडी अंथरली जाते, कुठे डांबराचा वास दरवळतो. ज्या वाटेवर गेल्या पावसाळ्यात बैल गुडघाभर चिखलात रुतत होते, त्याच वाटेने पुढच्या पावसाळ्यात दुधाचे कॅन नि भाजीच्या पाट्या घेऊन टेंपो सुखरूप बाहेर पडतो. रस्त्याचे मोल मी तुम्हाला सांगायला नको. उत्तम बियाणे पेरले, खताची मात्रा वेळेवर दिली, औषध फवारले, पण तोडलेला टोमॅटो दोन दिवस बांधावरच पडून राहिला, तर सारी मेहनत मातीमोल होते. शेताचे पीक बाजारापर्यंत नेतो तो रस्ता.

आता असा रस्ता पुरा होत आला की गावात एक नवाच प्रश्न उभा राहतो. याला नाव कोणाचे द्यायचे? पीकपाणी, खते, कीड-रोग यांवर लिहिणारा माझ्यासारखा माणूस या प्रश्नात कशाला पडतो, असे तुम्हाला वाटेल. परंतु विस्ताराच्या कामासाठी तीसएक वर्षे शिवारातून फिरताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नाव शहाणपणाने दिले तर तो रस्ता गावाला जोडतो. ईर्षेने दिले तर त्याच रस्त्यावरून गाव दुभंगते. म्हणून आज पिकांना सुट्टी देऊन या विषयावर चार गोष्टी बोलू.

दोन गट आणि एक पाटी

एका गावची हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे एक नाही, अनेक आहेत. वस्तीकडे जाणारी पाणंद कितीएक वर्षांनी मोकळी झाली होती. मुरूम पडला, खडीचे ढीग आले. तेवढ्यात नावाचा वाद निघाला. एका गटाला आपल्या पुढाऱ्याचे नाव हवे, दुसऱ्याला आपल्या. दोघेही पुढारी त्या वाटेने कधी चालत गेले असतील असे मला वाटत नाही. अर्जाला प्रतिअर्ज झाला, काम थांबले. मृग बरसला आणि खडीच्या ढिगावर गवत उगवले. त्या पावसाळ्यात वस्तीवरच्या बायांनी दुधाच्या किटल्या डोक्यावरून आणल्या. एका आजाऱ्याला बाजेवर घालून चार जणांनी डांबरी सडकेपर्यंत आणले. पाटीवर नाव कोणाचे, या भांडणात पाटी लावायला रस्ताच उरला नाही.

पुढे महिलांच्या सभेत एका वयस्क बाईंनी साधा प्रश्न विचारला. "ही वाट मोकळी व्हावी म्हणून आपल्या शेताची कड पहिल्यांदा कोणी सोडली?" सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. तो एक अल्पभूधारक होता, दोन वर्षांपूर्वी वारला होता. जेमतेम अडीच एकर रान, त्यातली काठाची पट्टी त्याने सोडली, म्हणून शेजाऱ्यांना नाही म्हणण्याची लाज वाटली आणि वाट खुली झाली. पुढारी नव्हता, पंच नव्हता, त्यामुळे त्याचे नाव कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. तिथेच सगळा वाद मिटला असे नाही. चार लोक कुरकुरलेच. पण त्या नावाला उघड विरोध करण्याची कोणाची छाती झाली नाही आणि काम मार्गी लागले.

नाव कशासाठी?

"मग नावच नको, भांडणही नको," असे कोणी म्हणेल. ते काही बरोबर नाही. नावाचे तीन उपयोग आहेत.

पहिला उपयोग रोजच्या व्यवहाराचा. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तर गाडीवानाला काय सांगाल? "त्या मोठ्या चिंचेपासून डावीकडे" म्हटले तर परगावच्या माणसाला चिंच सापडत नाही, आणि ती चिंच दहा वर्षांपूर्वीच तोडलेली असते. रस्त्याला ठरलेले नाव व कडेला पाटी असली तर डॉक्टर, पोस्टमन, पशुवैद्य, मालाची गाडी नेमकी ठिकाणी पोचते.

दुसरा उपयोग आठवणीचा. शाळेला जाणारी मुले रोज पाटी वाचतात आणि कधीतरी विचारतात, "हे कोण होते हो?" त्या प्रश्नाचे उत्तर देता देता गावचा इतिहास पुढच्या पिढीकडे जातो.

तिसरा उपयोग राखणीचा. आपल्याच माणसाच्या नावाच्या रस्त्यावर गोठ्याचे पाणी सोडताना, उकिरडा टाकताना, नांगराच्या तासागणिक कड कोरताना माणसाचा हात थोडा तरी अडखळतो.

वाट घडवणारी माणसे

मोठ्या राष्ट्रपुरुषांची नावे द्यावीत की नाही? अवश्य द्यावीत. परंतु त्यांच्या नावाचे रस्ते शहरोशहरी आहेत. शिवाय थोरांच्या नावाचे होते काय, तेही पाहा. किती शहरांत महात्मा गांधी मार्गाचा बोलण्यात ‘एम. जी. रोड’ झाला आहे. तुमच्या गावच्या माणसाची आठवण मात्र तुम्ही ठेवली नाही तर दुसरे कोणी ठेवणार नाही.

बिहारमधील गया शहराजवळच्या गेहलौर गावचे दशरथ मांझी यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मुसहर समाजातला हा भूमिहीन मजूर. डोंगराची वाट ओलांडताना पत्नी फगुनीदेवी जखमी झाली, आणि दवाखाना तर डोंगरापलीकडे. तेव्हा या माणसाने १९६० साली छिन्नी-हातोडा उचलला आणि १९८२ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, एकट्याने डोंगर फोडला. सुमारे ३६० फूट लांब आणि ३० फूट रुंद खिंड तयार झाली. अत्री आणि वजीरगंज यांमधील सुमारे ५५ किलोमीटरचा फेरा १५ किलोमीटरवर आला. लोकांनी आधी वेडा म्हटले, नंतर त्याच वाटेने ते बाजाराला जाऊ लागले. २००७ साली मांझी वारले तेव्हा बिहार सरकारने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. २०१६ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. त्या वाटेला आज लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. असे नाव द्यायला ठराव केला काय, न केला काय, सारखेच.

आपल्याकडे नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी आहेत. पेशा शिक्षकाचा. पण मधल्या डोंगरामुळे लोकांना दूरचा वळसा घालावा लागतो हे पाहून त्यांनी पदरचे पैसे घातले, माणसे जोडली आणि वर्षानुवर्षे खपून डोंगरातून वाटा काढल्या. अशी माणसे रस्त्याला नाव देत नाहीत, रस्ताच देतात.

आता एक उलट उदाहरण पाहा, आपल्या शेतीतलेच. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे लहान शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात लावल्या, पुन्हा निवडल्या. असे करता करता बारीक दाण्याचा उत्तम वाण तयार झाला. बियाणे व्यापाऱ्याकडे गेले. त्या काळी एचएमटी घड्याळ लोकप्रिय होते, म्हणून वाणाचे नाव पडले ‘एचएमटी’. हा तांदूळ दूरदूर पसरला, लोकांनी तो घरोघरी खाल्ला, पण नाव राहिले मनगटावरच्या घड्याळाचे. खोब्रागडे यांना २००५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे खरे. पण २०१८ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हासुद्धा रोज तो भात खाणाऱ्या कित्येकांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. नाव देताना आपण हयगय केली की ज्याचे श्रम त्याचे नाव असे उडून जाते. रस्त्याच्या पाटीबाबतही हेच घडते.

ज्यांची नावे आठवत नाहीत

तुमच्या गावात अशी माणसे कोण, याची मनाशी यादी करून पाहा. पावसाळ्यात नाल्याला पूर असतानाही बाळंतिणीकडे धावणारी सुईण. पट नसलेल्या शाळेत दारोदार फिरून मुले गोळा करणारे गुरुजी. दुष्काळात आपली विहीर जातपात न बघता सगळ्यांना खुली करणारा शेतकरी. सीमेवर कामी आलेला जवान. आणि हो, आपल्या रानाची पट्टी रस्त्याला देणारा. या यादीत स्त्रियांची नावे शोधा. गावोगावच्या पाट्या वाचल्या तर त्यांवर बायांची नावे विरळाच सापडतात. कामाच्या वेळी मात्र त्या विरळा नसतात.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या घरच्या जाणत्यांना आठवत असेल. त्या वर्षी शेतात कामच नव्हते. बाया-माणसे खडी फोडायला, पाझर तलावावर, रस्त्यांच्या कामावर गेली. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्याआधी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. तीच योजना पुढे दुष्काळात कामी आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आज आपण ज्या कित्येक रस्त्यांवरून फटफटी पळवतो, त्यांच्या तळाची खडी त्या वेळच्या आपल्याच आजी-मावश्यांनी फोडलेली आहे. त्यांच्यातल्या एकीचेही नाव कोणत्या पाटीवर नाही. एखाद्या गावाने अशा रस्त्याला ‘दुष्काळी श्रमिक मार्ग’ म्हटले तर त्यात कोणाचा गट दुखावणार?

जुनी नावे बदलताना

नव्या रस्त्याला नाव देणे वेगळे आणि जुन्याचे बदलणे वेगळे. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९७५ सालीच राज्यांना कळवले होते की, रस्त्यांची जुनी नावे बदलल्याने टपालाचा व लोकांचा गोंधळ होतो आणि इतिहासाची खूणही पुसते. तेव्हा नावे द्यायची ती नव्या रस्त्यांना द्यावीत. सल्ला शहाणपणाचा आहे. ‘पिंपळाची वाट’, ‘बारवेचा रस्ता’ अशी नावे आपल्या वाडवडिलांनी ठेवली. ती सहसा हलवू नयेत.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. वस्त्यांना व रस्त्यांना जातींची नावे पडलेली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. ज्या नावाने पत्ता सांगताना पोराची मान खाली जाते, ते नाव जुने असले तरी जपण्याजोगे नव्हे. मात्र नवे नाव त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवावे. त्यांच्या दाराची पाटी इतरांनी परस्पर ठरवणे हाही एक प्रकारचा अपमानच.

रीतसर कसे करावे?

पहिली गोष्ट, रस्ता कोणाच्या ताब्यातला ते ग्रामसेवकाकडून समजून घ्या. गावठाणातील गल्ल्या ग्रामपंचायतीकडे असतात. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतो. ज्याच्या ताब्यात रस्ता, त्याला कळवून व त्याची संमती घेऊनच पाटी उभी करावी. नाव दिले तरी सरकारी दप्तरातला रस्त्याचा क्रमांक तोच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट, निर्णय पारावर करू नका, ग्रामसभेत करा. वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूदही कायद्यात आहे. नावाचा विषय त्या सभेत आधी निघू द्या. कोणी काय केले हे घरातल्या बायांना नेमके आठवते.

तिसरी गोष्ट, विषय सूचनेत स्पष्ट लिहायला लावा. ‘ऐन वेळचे विषय’ यात नाव घुसडले की वादाची ठिणगी पडलीच म्हणून समजा.

चौथी गोष्ट, हयात माणसाचे नाव टाळावे हे बरे. त्याला हार घाला, सत्कार करा, त्याचा सल्ला घ्या. पाटीची घाई नको. ज्याचे नाव द्यायचे त्याच्या घरच्यांना मात्र आधी विचारा. कित्येकदा पाटी लागल्याचे घरच्यांना इतरांकडून कळते.

पाचवी गोष्ट, काम आणि नाव यांची गाठ बांधू नका. नाव ठरेना म्हणून काम थांबवणे म्हणजे बारशावरून भांडून बाळाला दूध न पाजण्यासारखे आहे. आधी रस्ता होऊ द्या. नाव पुढच्या सभेत ठरेल.

पाटी लिहिताना

पाटीवर नाव पूर्ण आणि शुद्ध लिहावे. खाली जन्म-मृत्यूची साले आणि एका ओळीत काम लिहावे, जसे, ‘या रस्त्यासाठी स्वतःची जमीन दिली’. पदव्यांची माळ नको. नाव फार लांबले की ते तोंडात बसत नाही, आणि लोक मग त्याचे भलतेच लघुरूप करतात. पाटी देणाऱ्याचे नाव, उद्घाटकाचे नाव, त्यांची छायाचित्रे ही मूळ नावापेक्षा मोठी होता कामा नयेत. मी अशी पाटी पाहिली आहे की, जिच्यावर गेलेल्या माणसाचे नाव शोधायला चष्मा लावावा लागला आणि उद्घाटकाचे नाव सडकेवरूनच दिसत होते.

पाटी वळणावर, पण वाहनाला आड येणार नाही अशी लावावी. शेजारी एक झाड लावावे. लिंब, करंज काहीही चालेल. दोन उन्हाळे पाणी घालण्याचे काम शाळेच्या मुलांकडे द्यावे.

नाव पाटीवर, रस्ता दप्तरात

आता सर्वांत महत्त्वाचे. पाटी पत्र्याची असते. ती गंजते, वाऱ्याने पडते. रस्ता टिकतो तो नोंदीने. ज्याने जमीन दिली त्याचा नुसता तोंडी शब्द घेऊन ठेवला, तर पुढच्या पिढीत वाटण्या होतात, रान विकले जाते, आणि नवा मालक म्हणतो, "दाखवा कागद!" मग ज्याच्या नावाची पाटी, त्याच्याच रानातून रस्ता बंद झालेला पाहण्याची वेळ येते. म्हणून जमीन देणाऱ्याचा मान राखायचा तर त्याने दिलेली पट्टी मोजून घ्या, संमती लेखी घ्या आणि तलाठ्याकडे नोंद करा. २०२५ च्या मे महिन्यात शासनाने शेतरस्त्यांबाबत काढलेल्या निर्णयात, रस्ता शक्यतो किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात व्हावी, असे सांगितले आहे. त्याचा फायदा घ्या.

गावचा नकाशाही एकदा उलगडून पाहा. त्यात तुटक अशा दुहेरी रेषांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषेची असते ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. प्रत्यक्षात ती वाट किती उरली आहे ते टेप लावून मोजा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि शेताला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. परंतु कचेरीची पायरी चढण्याआधी शेजाऱ्याच्या ओसरीची पायरी चढून पाहा. पुष्कळ वाटा चहाच्या कपावर मोकळ्या झालेल्या आहेत.

वर्षातून एक दिवस

एवढे झाले की एक प्रथा सुरू करा. ज्याच्या नावाचा रस्ता, त्याच्या स्मरणदिनी भाषणे थोडी आणि काम जास्त ठेवा. संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी हाती खराटा घेत, कीर्तन त्यानंतर. त्यांच्या नावाने राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान चालू झाले, ते उगीच नव्हे. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस यावा. चाऱ्या साफ कराव्यात, खड्ड्यांत मुरूम टाकावा, काटेरी झुडपे छाटावीत, पाटी पुसावी. पावसाचे पाणी रस्त्यावरून न वाहता कडेने गेले, तर रस्त्याचे आयुष्य वाढते, हे सांगायला इंजिनियर नको.

शेवटी रस्ता कोणाच्या नावाचा, हे त्यावरून चालणाऱ्यांनी ठरवलेले असते. पाटीवर मोठे नाव आणि तिच्याखाली शेणाचा ढीग, अर्धी वाट नांगरात गेलेली, असे चित्र असेल तर तो मान नव्हे, विटंबना होय. उलट, रस्ता रुंद, कोरडा, चाऱ्या मोकळ्या, कडेला झाडे, आणि एखाद्या म्हाताऱ्याला विचारले तर तो नाव आणि काम दोन्ही सांगतो, तर समजावे की त्या गावाला नाव देता आले.

येत्या ग्रामसभेत तुमच्या गावचा असा विषय असेल, तर एकच करा. सभेला जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ पाच मिनिटे बसा आणि विचारा, "ही वाट पहिल्यांदा कोणी मोकळी केली?" जे नाव ऐकाल ते सभेत मोठ्याने सांगा.